आधी प्रश्न, मग फॉरवर्ड



जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, सासूबाई जरा आडव्या झाल्या, की दुपारचा तासभर आपला असतो. पूर्वी त्या तासाला हातात एखादं मासिक असायचं, आता फोन असतो. आणि हल्ली त्याच फोनवर आपल्या धर्माची, खास बायकांसाठी काढलेली मासिकंही येऊ लागली आहेत. कुठे एखादं महिला मंडळ दर महिन्याला वीस-पंचवीस पानांची पीडीएफ काढतं, कुठे शिकलेल्या चार-पाच मुली मिळून छान मांडणीचा अंक तयार करतात. पर्वात तर विशेषांक असतो. आपल्याला ती आवडतात. का आवडतात, आणि त्यांच्याकडून आपण काय मागायला हवं, याबद्दल आज मनातलं सांगायचं आहे.

कुणालाही विचारा, साधारण हीच उत्तरं मिळतात. फुकट असतं. पोस्टात हरवत नाही. परदेशातल्या लेकीला आणि गावातल्या आईला एकाच दिवशी मिळतं. अक्षर मोठं करता येतं. हे सगळं खरं आहे. आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, छापील पुस्तकाचं बारीक अक्षर त्यांना लागत नाही, पण फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठं करून त्या बारा भावना वाचतात. पण फुकट आणि मोठ्या अक्षरात तर फोनवर सगळंच मिळतं. मालिका मिळतात, भांडणं मिळतात, साड्यांचे सेल मिळतात. मग त्या गर्दीत आपण हेच का उघडतो?

माझं उत्तर असं आहे की तिथे आपल्याला आपलं घर समजावून सांगावं लागत नाही. एरवी कुठल्याही मासिकातली पाककृती वाचताना आपलं डोकं सारखं बदल करत असतं. बटाट्याच्या जागी कच्चं केळं, कांदा-लसूण वगळून हिंग, गाजर काढून ढबू मिरची, आणि ‘रात्रीच्या जेवणाला गरमागरम वाढा’ असं लिहिलं असेल तर ते दिवे लागण्याआधी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, मग डब्याला काय, हा प्रश्न त्या मासिकांना पडतच नाही. आपल्या मासिकात हे सगळं धरूनच लिहिलेलं असतं. पाणी गाळूनच घ्यायचं असतं, चौक्याच्या दिवशी घर कसं असतं, नोंपी धरलेल्या सुनेला काय लागतं, हे लिहिणारीला माहीत असतं. माहेरी गेल्यावर बाईला जसं कुणाला काही सांगावं लागत नाही, तसं.

एवढ्यानेच आपण खूश झालो, तर मात्र ते मासिक पाककृती, रांगोळी आणि पारण्याच्या फोटोंवरच थांबेल. ते वाईट आहे असं नाही. पण बाईला धर्माकडून एवढंच हवं असतं का?

आमच्या बस्तीतली शास्त्रसभा डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडेही थोडंफार असंच असेल. पंडितजी वाचतात. पुढे पुरुष, एका बाजूला आपण. वाचन संपल्यावर ‘काही शंका?’ असं विचारलं जातं आणि पुढून दोन-तीन जण विचारतात. आपल्या बाजूने सहसा कुणी बोलत नाही. शंका नसतात म्हणून नव्हे. पाळीच्या दिवसांत मनात सामायिक केलं तर चालतं का, बाळंतपणाचं सोयर नोकरीच्या घरात कसं पाळायचं, मुलगी परधर्मातल्या मुलाशी लग्न करणार म्हणते तेव्हा आईने घरात काय बोलायचं, हे प्रश्न त्या सभेत उभं राहून विचारता येत नाहीत. मग ते तसेच घरी परत येतात आणि स्वयंपाकघरात, जावा-नणंदांत, दबक्या आवाजात फिरत राहतात. तिथे जे उत्तर मिळतं ते ‘आमच्याकडे असंच करतात’ एवढंच असतं.

आणि इथेच आपल्याच शास्त्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. श्रावकाच्या रोजच्या सहा कर्तव्यांत स्वाध्याय आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याच स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणं, विचारणं, वाचलेल्यावर मनात विचार करणं, पुन्हापुन्हा शुद्ध पाठ करणं, आणि मग दुसऱ्याला सांगणं. क्रम बघा. विचारणं दुसऱ्या जागी आहे, सांगणं शेवटी. शंका विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, तो स्वाध्यायच आहे. आणि स्वाध्याय हे अंतरंग तप आहे. उपवास हे बाह्य तप. दहा उपवास करणारीचा आपण सत्कार करतो, तो करावाच. पण दहा प्रश्न विचारणारी बाईही तपच करत असते, हे आपण विसरतो.

आता व्हॉट्सॲपवर काय होतं ते बघा. तिथे पाचवी पायरी पहिली येते. वाचलं न वाचलं, पटलं न पटलं, पुढे पाठवलं. कुणी लिहिलं, कुठल्या ग्रंथात आहे, काही पत्ता नाही. खाली ‘दहा जणांना पाठवा’ एवढं मात्र असतं. हा धर्मोपदेश नव्हे, ही नुसती ढकलाढकल आहे.

आणि ती ढकलाढकल निरुपद्रवी नसते. माझ्या नात्यातल्या एक काकू आहेत. बरीच वर्षं शुगर, दोन वेळा गोळ्या. एका पर्वात त्यांच्या फोनवर निरोप आला की पर्वातल्या उपवासांनी शुगर मुळापासून जाते, फक्त त्या दिवसांत गोळी घ्यायची नाही. खाली तीर्थंकरांचं चित्र होतं. काकूंनी ते चित्र पाहिलं आणि विश्वास ठेवला. पंचमीला उपवास धरला, गोळ्या बंद केल्या, घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या देवघरात चक्कर येऊन पडल्या आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. बऱ्या होऊन घरी आल्यावर त्यांना सगळ्यात जास्त दुःख कशाचं होतं? उपवास मोडला याचं!

काकूंच्या हातात तो निरोप न येता एखादं चांगलं मासिक आलं असतं तर? त्यात त्यांनी षोडशकारण भावनांतलं ‘शक्तितस्तप’ वाचलं असतं. तप करायचं ते आपल्या शक्तीप्रमाणे, शक्ती न लपवता आणि शक्तीबाहेर न जाता. ही सवलत कुणी आज काढलेली नाही, सोळा भावनांतलीच ती एक भावना आहे. शेजारच्याच पानावर एखाद्या डॉक्टर बाईंनी लिहिलं असतं की मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका आणि उपाशीपोटी घेऊही नका, साखर दोन्हीकडे बिघडू शकते. आणि काकूंना हेही वाचायला मिळालं असतं की एकाशन, रसत्याग आणि स्वाध्याय हीदेखील तपंच आहेत. शास्त्र आणि शरीर या दोन्हींचं एकाच अंकात, आपल्या भाषेत, नावानिशी लिहिलेलं उत्तर. मला धर्माच्या मासिकाचं खरं आकर्षण वाटतं ते यात.

आजच्या घरांत असे प्रश्न रोज तयार होत आहेत. लंडनला राहणाऱ्या मुलीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला सूर्य वर्षभर साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे रात्रिभोजन त्याग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लंडनला जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत. त्या मुलीने हिवाळ्यात ऑफिसात साडेतीनला जेवायचं का? की काही दिवसांचा नियम घ्यायचा? तिला ‘तिकडे कशाला गेलीस’ असं उत्तर नको आहे. तिला तिच्यासारख्याच दहा जणी कसं निभावतात ते वाचायचं आहे, आणि त्यावर एखाद्या आर्यिका माताजींचं मार्गदर्शन हवं आहे. छापील मासिक तिच्यापर्यंत पोचणं अवघड. फोनवरचं पोचतं, आणि तिचा प्रश्नही परत येऊ शकतो.

किंवा आपल्या इथल्या दुकानातलीच गोष्ट. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. पण तो ठिपका शाकाहारी असल्याचं सांगतो, जैन असल्याचं नाही. बटाट्याचं स्टार्च, कांद्याची पूड, लसणाचा अर्क असलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असतो. एवढंच नाही, सरकारी व्याख्येत मांसाहारी पदार्थ ठरवताना दूध, मध, मेणमाश्यांचं मेण आणि शेलॅक वगळले आहेत. मध तर आपल्या अष्टमूलगुणांतच सोडायचा सांगितला आहे. आणि शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी यावी म्हणून लावतात. औषधाच्या कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. आपली आजी धान्य निवडायची, पाणी गाळायची. आजच्या बाईला पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर गाळून घ्यावं लागतं. हे शिकवणारं एक पान दर महिन्याला आलं तर ते अहिंसेचंच पान नाही का?

काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. ‘फोनवर कसला धर्म? ज्या फोनवर नको ते बघायचं त्यावरच जिनवाणी? हा अविनय आहे,’ असं त्या म्हणतात. त्यांची भावना मी हलकी मानत नाही. शास्त्र चौरंगावर ठेवून, हात धुऊन, नमस्कार करून उघडायचं असतं, ते तसंच राहावं. मासिक म्हणजे शास्त्र नव्हे. ते शास्त्रापर्यंत नेणारी पायवाट आहे. आणि हा वाद आपल्या समाजाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात जैन ग्रंथ छापायला सुरुवात झाली तेव्हाही ‘छापखान्यात शास्त्राचा अविनय होतो’ म्हणून मोठा विरोध झाला होता. षट्खंडागमावरची धवला टीका शेकडो वर्षं मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेली होती. यात्रेकरू त्या ताडपत्रांचं दर्शन घेऊन धन्य व्हायचे, आत काय आहे ते वाचणारे मात्र दुर्मीळ. डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला तिचा पहिला भाग १९३९ साली आपल्या अमरावतीहून छापून निघाला, आणि मग कुठे सामान्य माणसाला ती घरी आणून वाचता आली. छापील पुस्तकाला विरोध करणाऱ्यांच्याच नाती-पणती आज छापील पुस्तक म्हणजेच परंपरा असं म्हणतात. फोनचंही तसंच होईल.

आणि बायकांनी मासिक काढणं, त्यात लिहिणं, हेही काही आजचं खूळ नाही. मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद यांची मुलगी मगनबाई. तरुणपणी वैधव्य आलं. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं, आणि तिने पुढे श्राविकाश्रम उभा केला, अखिल भारतीय पातळीवर दिगंबर जैन महिलांची परिषद उभारण्यात पुढाकार घेतला. बिहारमधल्या आरा गावी चंदाबाईंनी १९२१ मध्ये जैन बाला विश्राम काढला. त्याही लहान वयातच विधवा झालेल्या. ‘जैन महिलादर्श’ या हिंदी मासिकाचं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. घराच्या उंबऱ्याबाहेर पडणं कठीण असलेल्या बायकांपर्यंत ते मासिक पोस्टाने जायचं. आपल्याकडे सोलापूरला सुमतीबाई शहांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. या सगळ्या धर्माला चिकटून होत्या, आणि म्हणूनच त्यांनी बायकांना वाचायला-लिहायला लावलं. आदिपुराणात तर भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंक शिकवले ते सुंदरीला. अक्षर पहिल्यांदा मुलीच्या हातात पडलं, असं मानणाऱ्या समाजातल्या बायकांनी फक्त दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे पाठवत बसावं, हे मला खटकतं.

एक काळजी मात्र खरी आहे. कागद उरतो, फोनवरचं उरेलच असं नाही. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या बायकांनी १८७२ ते १९१४ या काळात ‘वुमन्स एक्स्पोनंट’ नावाचं पत्र चालवलं. पुढे ते विस्मरणात गेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनजवळच्या त्याच पंथाच्या काही गृहिणींना त्याचे जुने खंड हार्वर्डच्या ग्रंथालयात सापडले. आपल्या पणज्या इतकं लिहीत होत्या हे बघून त्या थक्क झाल्या, आणि १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केलं. खंड सापडले म्हणून हे झालं. आपल्या पीडीएफ शंभर वर्षांनी कुणाला सापडणार? फोन बदलला की गेल्या, ग्रुप बंद पडला की गेल्या. शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी ग्रंथ ताम्रपटांवर कोरून फलटणला ठेवले गेले, कारण ताडपत्रं झिजतात हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याला तांब्याची गरज नाही. वर्षाचे बारा अंक छापून, बांधून, बस्तीच्या आणि गावातल्या वाचनालयात एकेक प्रत ठेवली तरी पुरे.

तर मग मैत्रिणींनो, अशा मासिकाकडून आपण काय मागायचं? माझं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक लेखाखाली लिहिणारीचं नाव हवं. धर्माची गोष्ट सांगितली असेल तर ती कुठल्या ग्रंथातली ते हवं. आरोग्याचं पान डॉक्टरांनीच लिहावं. पाककृतीबरोबर हा पदार्थ का चालतो, का चालत नाही, हेही यावं, म्हणजे सून नुसती यादी पाठ करणार नाही, तिला कारण कळेल. तपस्वी भगिनींचे फोटो जरूर यावेत, पण ज्यांना आजारपणामुळे, बाळंतपणामुळे, कामाच्या पाळीमुळे उपवास जमला नाही त्यांना कमीपणा वाटेल असं एकही वाक्य नको. आणि दर अंकात निदान दोन पानं प्रश्नोत्तरांची हवीत, नाव न छापता प्रश्न विचारायची मुभा ठेवून.

आणि आपण काय द्यायचं? दोन गोष्टी. एक, वर्गणी. पर्वात आपण अभिषेकाच्या बोलीला हजारो रुपये हौसेने देतो, आणि मासिक मात्र फुकटच हवं म्हणतो. फुकट असलं की जाहिराती येतात, मग सोन्याच्या पेढीची आणि गोरं करणाऱ्या क्रीमची पानं वाढतात आणि स्वाध्याय शेवटच्या पानावर जातो. चार दानांत शास्त्रदान आहे. वर्षाची वर्गणी हे शास्त्रदानच समजा. दुसरी गोष्ट, आपलं लिहिणं. ‘मला कुठे लिहिता येतं’ असं म्हणू नका. महिन्याचा किराणा तुम्ही लिहिता, नोंपीचे दिवस कॅलेंडरवर लिहिता, तसंच मनातलं लिहा.

महावीर भगवंतांच्या संघात चंदना आर्यिकेच्या मागे छत्तीस हजार आर्यिका आणि तीन लाख श्राविका होत्या असं उत्तरपुराण सांगतं. श्रावकांपेक्षा श्राविका तिप्पट. समवसरणात त्या नुसत्या हात जोडून बसल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलंही असेल.

येत्या भाद्रपदात एवढं करून बघू या. दहा दिवसांच्या नियमांत एक नियम आणखी धरा: दहा दिवस, लिहिणाऱ्याचं नाव आणि ग्रंथाचा आधार नसलेला एकही धार्मिक निरोप पुढे पाठवायचा नाही. आणि जो प्रश्न वर्षानुवर्षं ओट्याजवळच राहिला आहे, तो एका कागदावर लिहून आपल्या महिला मंडळाच्या अंकाला, अंक नसेल तर मंडळाच्या बाईंना नेऊन द्या. नाव घालायचं नसेल तर नका घालू. प्रश्न मात्र द्या.